डिस्टर्बकाकांचा शब्द

वीजकेंद्रात त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारा शेवटचा माणूस कधी निवृत्त झाला, हे कुणालाच आठवत नव्हतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांचे ते डिस्टर्बकाका. नव्यानं नोकरीला लागलेल्याला वाटायचं, हे गृहस्थ भलतेच त्रासदायक असणार, आपण जरा लांबच बरे. आठवडाभरात त्याचा गैरसमज फिटायचा. काका इतके गप्प, की जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या डब्याचं झाकणसुद्धा वाजत नसे. नाव पडलं होतं ते एका शब्दावरून, आणि त्याच शब्दापायी एकदा त्यांच्या इमानावर बोट ठेवलं गेलं.

काका टर्बाइन चालवत. वाफेच्या जोरावर मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेणारं ते लांबलचक धूड. त्याच्या कडेनं चालायचं, दांडा पेलणारी बेअरिंगं चाचपायची, दाबाची आणि तापमानाची घड्याळं वाचायची, दर तासाला लॉगबुकात आकडे भरायचे. यात एकतीस वर्षं गेली. इंग्रजी त्यांना आलं ते यंत्रावरच्या पाट्या वाचून आणि साहेब लोकांची बोलणी खाऊन. त्यामुळे त्यांचं व्याकरण घरचं होतं आणि व्युत्पत्तीही घरचीच. ते ठासून सांगत, "डिस्टर्ब हा मुळात आमच्या खात्यातला शब्द. टर्बाइन झकास फिरतंय तोवर प्रश्न नाही. त्याचं बिनसलं की ते झालं डिस्टर्ब. मग लोकांनी तो शब्द आमच्याकडून उचलला आणि झोपमोडीलासुद्धा लावला."

लोक पोट धरून हसत. काकाही हसत, पण मत बदलत नसत. कुणी नम्रपणे विचारलं, "काका, आत येऊ का, डिस्टर्ब तर होणार नाही ना?" तर ते म्हणत, "मी काय टर्बाइन आहे?" एकतीस वर्षांत हा विनोद इतक्या वेळा झाला की तो आता विनोद राहिला नव्हता, हजेरीसारखा झाला होता.

त्यांना एकुलती एक लेक. ती दहा वर्षांची असताना शाळेत बाईंनी सांगितलं, एक इंग्रजी शब्द निवडा आणि तो कुठून आला ते लिहून आणा. बाकीच्या मुलांनी कोशातून उतरवून आणलं. हिला कोश कशाला हवा, हिच्या घरात चालताबोलता विद्वान होता. हिनं झोकात लिहिलं, "डिस्टर्ब हा शब्द टर्बाइनपासून आला. माझे बाबा टर्बाइन चालवतात." बाईंनी त्या दोन ओळींवर लाल शाईची भलीमोठी फुली मारली आणि वही साऱ्या वर्गाला दाखवली. घरी आल्या आल्या पोरीनं दप्तर फेकलं आणि बापाला सुनावलं, "तुम्हाला काही येत नाही, तर मला सांगत जाऊ नका."

काका नुसतं "बरं" म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी लेकीला कुठल्याही शब्दाबद्दल काही सांगितलं नाही. भोवरे मात्र करून देत राहिले. वर्कशॉपातल्या लेथवर उरलेल्या लाकडाचे छोटे भोवरे करायचे, बोटांनी गरकन फिरवायचे, हा त्यांचा छंद. टर्बाइन म्हणजे काय असं वसाहतीतल्या कुणा पोरानं विचारलं, की खिशातून भोवरा निघायचा. "हे. फक्त आडवं झोपवलेलं."

लेक मोठी झाली आणि एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागली. छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढायच्या. म्हणजे ज्या लाल शाईनं तिला रडवलं होतं, तीच आता तिच्या हातात आली. तिच्या नजरेतून काना-मात्रासुद्धा सुटत नसे. काका तिला कौतुकानं "तपासनीस" म्हणत. ती मात्र लोकांना वडलांचं टोपणनाव सांगायची टाळाटाळ करायची. हे तिनंच पुढे कबूल केलं, म्हणून लिहायला हरकत नाही.

काकांच्या निवृत्तीला आठ महिने उरले असतानाची गोष्ट. दुपारी बारा वाजता ते फेरीवर निघाले. फेरीला ते एक पोलादी कांब बरोबर घेत. हातभर लांब, एका टोकाला लाकडी गोळा. टोक बेअरिंगवर टेकवायचं, गोळा कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. थरथर मोजणारी नवी मीटरं आल्यावर सगळ्यांनी आपापल्या कांबा भंगारात टाकल्या होत्या. काकांनी टाकली नव्हती.

तिसऱ्या बेअरिंगवर कांब टेकवली आणि त्यांनी डोळे उघडले. पुन्हा टेकवली. चौथ्यावर जाऊन आले, परत तिसऱ्यावर. मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात होता. सकाळपेक्षा केसभर पुढे, पण हिरव्यातच. त्यांनी कंट्रोल रूमला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "काका, इथे सगळं छान दिसतंय. तुम्ही जेवून घ्या बघू." काकांनी फोन ठेवला. जेवले नाहीत. बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी स्वतःच्या हातानं लाल मूठ ओढून यंत्र बंद केलं.

अर्ध्या शहराचे पंखे थांबले. दुसऱ्या केंद्रातून वीज वळवून आणेपर्यंत चाळीस मिनिटं गेली आणि तेवढ्या वेळात कुणी कुणी कुणाचा उद्धार केला ते विचारू नका. इकडे काकांनी लॉगबुक उघडलं आणि आपल्या इंग्रजीत पाच शब्द लिहिले: टर्बाइन डिस्टर्ब. स्टॉप्ड बाय मी. खाली सही.

घोटाळा झाला तो इथे. मुख्य कार्यालयात 'डिस्टर्बन्स' या शब्दाला एकच ठरलेला अर्थ होता: बाहेरच्या तारांवर बसलेला झटका. त्यांनी काकांची नोंद वाचून तारांचं खातं कामाला लावलं. दोन दिवस माणसं खांबन्‌खांब तपासत हिंडली आणि शेवटी लेखी कळवून मोकळी झाली, की त्या दुपारी आमच्याकडे कसलाही डिस्टर्बन्स नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना सगळं लगेच समजतं, तसं मुख्य कार्यालयाला समजलं. चालकानं चुकून यंत्र बंद केलं, आणि चूक झाकायला तारांवर खापर फोडणारी खोटी नोंद केली. काकांना एकदा विचारावं, हे कुणाला सुचलं नाही. काका आपले भेटेल त्याला सांगत होते, तिसऱ्या बेअरिंगच्या पुढचं झाकण उघडा. पण झाकण उघडायचं म्हणजे तीन आठवड्यांचं काम, आणि मीटर तर हिरवं.

नोटीस घरी आली. गुरुवारी चौकशी, सोबत एक माणूस आणता येईल. नोटिशीच्या मागोमाग एक तोंडी निरोपही आला. काकांनी तो शब्द खोडून त्या जागी 'गैरसमजातून बंद केले' असं लिहावं. प्रकरण मिटेल, निवृत्तीला डाग लागणार नाही आणि शुक्रवारी सकाळी यंत्र पुन्हा सुरू होईल.

संध्याकाळी तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली. काकू वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तो शब्द काय तुमच्या वाडवडलांनी ठेवलाय? खोडून टाका आणि मोकळे व्हा."

"खोडला तर शुक्रवारी मशीन चालू करतील," काका म्हणाले. "तिसऱ्या बेअरिंगपासून अकरा पावलांवर दोन माणसांची टेबलं आहेत. मी मोजलीत."

"आणि नाही खोडला तर?"

"तर काढतील मला." काका नोटिशीकडे बघत बसले. मग म्हणाले, "चुकला म्हणाले असते तर मी गिळलं असतं. माणूस चुकतो. खोटं लिहिलं म्हणतात गं. एकतीस वर्षांत मी एक आकडा बनवून लिहिला नाही."

लेकीनं वडलांना असं कधी पाहिलं नव्हतं. रागावलेलेही नव्हते, रडवेलेही नव्हते. फक्त हात टेबलावर पालथे ठेवले होते, जणू कुणीतरी टेबल ओढून नेणार आहे.

तिनंही मनात ठरवलं होतं ते आईसारखंच. वडलांना कोशातला अर्थ दाखवायचा, शब्द बदलायला लावायचा आणि त्यांना वाचवायचं. त्यासाठी दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या वाचनखोलीत तिनं इंग्रजीचा जाडजूड कोश काढला. तो दोन हातांनी उचलावा लागे. डिस्टर्ब सापडला. मूळ लॅटिन. 'डिस' म्हणजे इथे पार, पुरतं. 'टर्बारे' म्हणजे ढवळणं, घुसळणं, विस्कटणं. तो आला 'टर्बा' वरून, म्हणजे गर्दी, गलका, गोंधळ. थोडक्यात पार ढवळून टाकणं. तिला गंमत वाटली, की आपण कुणाला नको तिथे हात घालताना पाहिलं की "ढवळाढवळ करू नकोस" म्हणतो, तेच हे. गढूळ पाण्यासाठीचा एक इंग्रजी शब्दही याच घरातला निघाला, आणि रोजचा 'ट्रबल'सुद्धा.

टर्बाइनचा कुठे पत्ता नव्हता. म्हणजे बाईंची फुली योग्यच होती. एखादीनं कोश मिटला असता. पण मुद्रितशोधकाला एक वाईट खोड असते, संशय नसला तरी ताडून पाहायची. तिनं दुसरा खंड काढला आणि टर्बाइन पाहिलं. शब्द तसा कालपरवाचा, दोनेकशे वर्षांचा. तो केला होता लॅटिन 'टर्बो' वरून. आणि टर्बो म्हणजे, कोशात स्वच्छ छापलं होतं, भोवरा. किंवा वावटळ. पुढे बारीक अक्षरांत: बहुधा 'टर्बा'शी संबंधित.

ती उभ्यानं वाचत होती, ती खुर्चीवर बसली. डिस्टर्ब टर्बाइनपासून आला नव्हता, कारण तो टर्बाइनपेक्षा कितीतरी जुना. दोघे बापलेक नव्हते. पण चुलत भाऊ होते, एकाच घरचे. आणि जो माणूस आयुष्यभर खिशातून भोवरा काढून "हे टर्बाइन" म्हणत होता, त्यानं दोन हजार वर्षांपूर्वीचा अर्थ कुठलाही कोश न उघडता सांगितला होता. तिला आधी लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ असा अभिमान दाटून आला की समोरची अक्षरं दिसेनात. लॅटिन, रोमन, सगळे गेले चुलीत, माझे बाबा बरोबर होते. निदान निम्मे.

घरी येऊन तिनं कागद वडलांपुढे ठेवला. "बाबा, तुमचं चुकलं होतं. पण माझ्या बाईंनी एवढी मोठी फुली मारायला नको होती."

काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. भोवऱ्यापाशी थांबले. मिशीतल्या मिशीत हसले. मग एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "हे 'बहुधा' कशाला?"

"कोशात तसं आहे. अगदी खात्री नाही कुणाला. चौकशीत वाचताना गाळूया का?"

"छे. कोशात आहे ते तसंच लिहायचं. नाहीतर ती खोटी नोंद होईल."

गुरुवारी लेक सोबत म्हणून गेली. खोलीत काच लावलेलं मोठं टेबल. एका बाजूला मुख्य कार्यालयाचे चौकशीचे साहेब. त्यांच्या शेजारी केंद्राच्या मुख्य अभियंता, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. त्या बदलून येऊन जेमतेम महिना झाला होता. त्यांनी अजून कुणाची बाजू घेतली नव्हती, ऐकत होत्या.

साहेबांनी नोंद वाचून दाखवली आणि विचारलं, "डिस्टर्बन्स म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"मला डिस्टर्ब ठाऊक आहे," काका म्हणाले. "तारांचं मी काही लिहिलं नाही. टर्बाइन डिस्टर्ब, असं लिहिलंय."

लेकीनं कागद वाचला. ढवळणं झालं, गर्दी झाली, भोवरा झाला, बहुधासुद्धा झालं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते, घाईत होते. "हे भाषेचं झालं," ते म्हणाले. "यंत्राला लॅटिन येत नाही. मीटर हिरवं होतं. मी सरळ सांगतो, शब्द मागे घ्या आणि सुटा."

"तो मागे घेता येणार नाही," काका म्हणाले.

मग त्यांनी डब्याच्या पिशवीत हात घातला. आधी कांब काढली, नंतर दोन भोवरे. दोन्ही एकाच लाकडाचे, एकाच मापाचे. पहिला त्यांनी काचेवर गरकन फिरवला. क्षणभर डोलला आणि झोपल्यासारखा उभा राहिला. "मॅडम, कांब काचेवर टेकवा. गोळा कानामागे."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मॅडमनी कांब घेतली. तो भोवरा थांबल्यावर काकांनी दुसरा फिरवला. तोही तसाच उभा राहिला, निश्चल. लेकीला दोघांत काडीचा फरक दिसेना. पण मॅडमच्या भुवया वर गेल्या. त्यांनी डोळे मिटले आणि कांब हलवून पुन्हा टेकवली.

"याच्यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"एका बाजूला खिळा ठोकलाय आत. जिऱ्याएवढा. डोळ्यांना दोन्ही झोपलेत. पण हा झोपेत दात खातोय."

"मीटरवर हे कळलं नसतं?"

"मीटर किती हलतंय ते सांगतं, मॅडम. कसं हलतंय ते नाही सांगत. त्या दिवशी तिसऱ्या बेअरिंगवर हे असं होतं. याला आम्ही डिस्टर्ब म्हणतो. तुमच्या पुस्तकात दुसरा शब्द असेल तर तो द्या, मी शिकतो. पण काही झालं नव्हतं असं माझ्याकडून लिहून घेऊ नका. ते खोटं होईल, आणि खोटी नोंद मी करत नाही."

खोलीत फक्त भोवरा फिरत होता. तो डगमगला, कलंडला आणि घरंगळत साहेबांच्या फायलीला जाऊन टेकला. लेकीच्या मनात आलं, आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या शब्दांवर खुणा केल्या, पण एका शब्दासाठी असं उभं राहायची वेळ आपल्यावर आली असती तर राहिलो असतो का. शेजारी बसलेला माणूस आपला बाप आहे याचा तिला इतका गर्व झाला की तिनं टेबलाखाली त्यांच्या सदऱ्याची बाही धरून ठेवली.

मॅडमनी कांब खाली ठेवली. "शुक्रवारी यंत्र सुरू होणार नाही," त्या साहेबांना म्हणाल्या. "मी झाकण उघडते. तीन आठवडे गेले तर माझ्या नावावर लिहा. तोवर चौकशी थांबवा."

तीन आठवडे लागले नाहीत, अकराव्या दिवशीच दिसलं. वाफ अंगावर घेणाऱ्या शेवटच्या रांगेतल्या पात्यांना एकत्र बांधणारी तार तुटली होती आणि तिच्याजवळच्या एका पात्याच्या मुळाशी भेग होती. नखानं चाचपली तरच लागेल इतकी बारीक, पण अर्ध्यापर्यंत गेलेली. ते पातं आणखी किती तास टिकलं असतं यावर अभियंत्यांचं एकमत झालं नाही. ते सुटलं असतं तर कुठे गेलं असतं यावर झालं. दोन टेबलांवर बसणारे ते दोघे त्या दिवशी काकांजवळ आले आणि त्यांच्या डब्यातलं जेवण वाटून घेऊन गेले. नोटीस परत घेतल्याचं पत्र आलं, दोन ओळींचं. काकांनी ते कपाटात ठेवलं आणि कुणाला दाखवलं नाही.

ते आठ महिने सरले आणि काका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी घरच्यांना आत यायची परवानगी असते. काकूंनी कानांत कापसाचे बोळे घातले आणि हॉलमध्ये शिरल्या शिरल्या म्हणाल्या, "या आवाजात तुम्हाला आवाज ऐकू आला?" काकांनी त्यांना तिसरं बेअरिंग दाखवलं, मग अकरा पावलं मोजून दाखवली. कांब त्यांनी मॅडमना देऊन टाकली. मॅडमनी सांगितलं, की आता प्रत्येक फेरीत एकदा कांब लावायची असा लेखी नियम झालाय.

मग मॅडमनी लेकीला हाक मारली आणि एक जुनं लॉगबुक उघडून तिच्यापुढे धरलं. बारा वाजून दहा मिनिटांची नोंद होती. वडलांचं वाकडंतिकडं अक्षर, पाच शब्द, सही. शब्द खोडलेला नव्हता. त्याच्याखाली लाल शाईत, मॅडमच्या हातचं: यंत्र उघडून पाहिलं. नोंद बरोबर. शब्दही बरोबर.

लाल शाई पाहून तिला एकदम दहाव्या वर्षीची वही आठवली. तिनं सवयीनं ओळ तीनदा वाचली. शेजारी काका येऊन उभे राहिले होते.

"काय तपासनीस," ते म्हणाले, "काही चूक सापडली?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला येतं."

काका नुसतं "बरं" म्हणाले.